गादा हसतो तेव्हा

“मुलगी हसतमुख आहे, हे आम्हाला फार म्हणजे फारच आवडलं,” मालतीबाई सारंग म्हणाल्या. त्या वेळी मी त्यांच्या हातात पोह्यांची बशी देत होते आणि मनातल्या मनात त्यांना आमच्या खळ्यातून, म्हणजे अंगणातून, बाहेर काढत होते.

त्यांची काही चूक नव्हती. माझ्या तोंडाची ठेवणच तशी आहे. ओठांची दोन्ही टोकं जन्मापासून वर वळलेली, गालांना खळ्या, डोळे बारीक. बारशाला मी म्हणे भोकाड पसरलं होतं, तरी आत्या म्हणाली, “बघा, कसा गोड हसता ता!” आणि तिथल्या तिथे माझं नाव सुहासिनी ठेवून मोकळी झाली. शाळेत मास्तरांनी छडी मारली की “वर हसतेस?” म्हणून आणखी एक मिळायची. आजी गेली तेव्हा समाचाराला बायका येऊ लागल्या आणि आईनं मला मागच्या पडवीत बसवलं. ते तोंड चारचौघांत दाखवण्यासारखं नव्हतं. लग्नाच्या बाजारात मात्र त्याला चांगला उठाव होता.

मला हे स्थळ नको होतं. उगाच कोड्यात कशाला ठेवू, आधीच सांगते. सारंगांचं शहरात लॉजिंग-बोर्डिंग होतं. थोरली सून काऊंटरवर बसायची, पण तिचं तोंड म्हणे कायम पडलेलं, गिऱ्हाईक आत पाऊल टाकायच्या आधीच मागे फिरायचं. म्हणून धाकट्यासाठी हसरी मुलगी शोधत होते. आत्यानं हे अगदी कौतुकानं सांगितलं होतं. थोरलीचं तोंड का पडलं, हे विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं. मी विचारलं, तर आत्या म्हणाली, “बघ, आतापासून जावेची काळजी!”

मी आईला सांगितलं, “माका नको हा स्थळ.” आईनं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाली, “लाजतंस कित्याक गो!” आबांना सांगितलं. आबा जाळ्याचा गुंता सोडवत होते. त्यांनी मान वर केली, माझ्याकडे बघितलं आणि खूश होऊन हसले. म्हणजे मी नको म्हणत होते, तोंड हो म्हणत होतं, आणि घरात सगळ्यांनी तोंडाचं ऐकलं.

ही गोष्ट फार वर्षांपूर्वीची. आमच्या खडपेवाडीत तेव्हा नुकतीच डॉल्फिनची टूम निघाली होती. डॉल्फिन म्हणजे आमचा गादा. गाद्याला आम्ही पिढ्यानपिढ्या शिव्या घालत आलो. जाळी फाडतो, बांगडा पळवतो, मेल्याला दुसरा समुद्र नाही का? मग एके वर्षी पर्यटक आले, गाद्याचा डॉल्फिन झाला, आणि रातोरात तो आमचा लाडका पाहुणा ठरला. आबांनी मासेमारीच्या होडीवर निळं कापड ताणलं, बसायला फळ्या ठोकल्या आणि बंदरावर पाटी लावली. इंजिनावर मी बसायची. आबा पुढे उभे राहून शीळ घालायचे आणि प्रत्येक फेरीला, प्रत्येक गिऱ्हाइकाला, अगदी छातीवर हात ठेवून सांगायचे, “एवढे जवळ ते कोणाकडे येत नाहीत बघा. तुम्हाला ओळखलं त्यांनी.”

सगळी माणसं विश्वास ठेवायची. आपल्याला कुणीतरी ओळखलं, हे कुणाला नको असतं!

फेरी संपली की मी चिडवायची, “आबानू, काल पण हेच सांगितलास.”

“मगे? काल पण ते खूश झाले ना?”

असे माझे आबा. पण गाद्याची त्यांना खरीच पारख होती, हेही सांगते. एकदा मी लहान असताना म्हटलं होतं, “आबा, तो हसता बघा.” तर आबा म्हणाले, “गादा हसणा नाय, बाये. तेचो जबडोच तसो. खुशीत पण तसो, रागान पण तसो, मेल्यार पण तसोच. तेचा तोंड बघू नको. शेपटी बघ.” हे सांगणारा माणूस घरात रोज माझं तोंड बघत होता. असो.

तर पोहे झाले, चहा झाला, मला दोन प्रश्न विचारून झाले. त्यातला एक प्रश्न “मासे साफ करता येतात का?” असा होता. मासेमारीवर जगणाऱ्या गाबिताच्या मुलीला! मुलगा, जयवंत, बिचारा शर्टाच्या बाहीची शिवण न्याहाळत बसला होता. सगळं बोलणं त्याची आई आणि त्याचे सुधाकरमामा करत होते. सुधाकरमामांचं वाचन दांडगं. ते कुठल्याही विषयावर बोलू शकत, आणि न विचारता बोलत.

“डॉल्फिन दाखवल्याशिवाय आम्ही हलणार नाही हं, व्याही,” मामा आबांना म्हणाले.

अजून काही ठरलं नव्हतं आणि आबा व्याही झाले होते. आबा लगबगीनं उठले. मुलीचा बाप एकदा उठला की मुलाकडच्यांनी बस म्हणेपर्यंत बसत नाही.

मार्गशीर्षातली सकाळ, समुद्र तव्यासारखा सपाट. नेहमी इंजिनावर बसणारी मी त्या दिवशी मधल्या फळीवर पाहुण्यांसमोर बसले होते, जरीकाठी साडी नेसून, केसांत अबोलीचा वळेसर माळून. इंजिन आबांकडे. मालतीबाईंच्या मांडीवर पिशवी होती आणि पिशवीतून नारळाची शेंडी डोकावत होती. नारळ, खण, तांदूळ. “असू दे म्हटलं जवळ. आवडली मुलगी तर ओटी भरूनच निघू. परत कोण एवढ्या लांब येतंय!” बायका भाजीला जाताना पिशवी घेतात, तशा त्या तयारीनं आल्या होत्या.

माझे हात मांडीवर होते. उजव्या हाताच्या अंगठ्याचं नख डाव्या तळव्यात रुतत होतं. ती माझी जुनी खोड. दुखलं की कळतं, आपण अजून आहोत.

जयवंत होडीत बसला तो खाली बघतच. होडी बंदराबाहेर पडली तशी त्याची मान आणखी खाली गेली. खाडीच्या तोंडाशी पहिली लाट लागली आणि त्यानं दोन्ही हातांनी डोकं धरलं.

“त्याला लाजायची सवय आहे,” मालतीबाई म्हणाल्या.

“त्यांना होडी लागतेय,” मी म्हटलं. “लिंबू देऊ?”

“बघा दादा, आतापासून काळजी!”

आमच्याकडे येणाऱ्या सगळ्यांना एवढं एकच वाक्य येत होतं की काय, कोण जाणे. मी लिंबू कापून त्याच्या हातात दिलं. त्यानं ते नाकाशी धरलं, मान न उचलता “थँक्यू” म्हणाला आणि लगेच होडीच्या काठावरून समुद्राला पोह्यांचा नैवेद्य दाखवला.

मग गादे आले. आधी लांबवर पाठी दिसल्या, राखाडी, ओल्या काळवत्री दगडासारख्या. मग एक जण होडीच्या पुढच्या टोकाशी येऊन लाटेवर स्वार झाला. होडी पाणी कापते तेव्हा पुढे जो फुगवटा उठतो, त्यावर त्याला शेपूट न हलवता फुकट पुढे जाता येतं. उतारावर सायकल सोडणाऱ्या पोरासारखी त्यांना त्यात मजा येते. होडीत कोण बसलंय, पुण्यवान की लबाड, त्याच्याशी त्यांचं काही देणंघेणं नसतं. पण मामांना हे पुरणार नव्हतं.

“का येतात सांगा बघू ते माणसाजवळ?” त्यांनी परीक्षा घ्यावी तसं विचारलं.

“वरुणदेवाचे दूत ते,” मालतीबाई म्हणाल्या. “चांगलं माणूस त्यांना लांबून कळतं. आपली वास्तुशांत झाली तेव्हा नाही का दारात गाय आली होती!”

“ते तर आहेच. पण शास्त्रीय कारण वेगळं आहे. त्यांचा मेंदू आपल्यापेक्षा मोठा. त्यांना आपल्याबद्दल करुणा वाटते. बुडणाऱ्या माणसाला नाकानं ढकलत ढकलत किनाऱ्याला आणून सोडतात. कितीतरी माणसांनी हे स्वतः सांगितलंय.”

“ज्यांना किनाऱ्याकडे ढकललं, त्यांनीच सांगितलं असेल,” मी म्हटलं. “ज्यांना उलट दिशेला ढकललं, ते सांगायला परत आले नसतील.”

मामांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि खो खो हसायला लागले. “विनोदी आहे हो मुलगी! काऊंटरवर अशीच पाहिजे!”

आबा मागे इंजिनावर कौतुकानं फुलले होते. “तुमका ओळखल्यानी, पाव्हण्यानू,” ते म्हणाले. “एवढे जवळ ते कोणाकडे येणत नाय.”

थोड्या वेळानं मला ती दिसली. कळपापासून जरा बाजूला एक मोठी मादी, आणि तिच्या कुशीला चिकटून काळपट, चिमुकलं पिल्लू. अगदी नवं. पोहण्यापेक्षा बुडण्याची सवय जास्त असल्यासारखं ते वर यायचं आणि घाईघाईनं श्वास घ्यायचं. आबांचा स्वतःचा नियम होता, पिल्लावाल्या मादीजवळ होडी न्यायची नाही. लांबून दाखवायची आणि वळायचं. कुणी कितीही हट्ट केला तरी आबा ऐकत नसत. एकदा एका मोठ्या साहेबालाही त्यांनी सरळ नाही म्हटलं होतं.

“ए, पिल्लू! बाळ आहे!” मालतीबाई टाळ्या वाजवत म्हणाल्या. “लग्नाच्या बोलणीत बाळ दिसणं म्हणजे बघा! जवळ घ्या ना!”

मला वाटलं, आता आबा नाही म्हणतील.

आबांनी माझ्याकडे बघितलं, माझ्या तोंडाकडे, आणि होडी वळवली. मादीकडे.

“अजून जवळ, व्याही. फोटो नीट येत नाही,” मामा म्हणाले.

“होय, होय,” आबा म्हणाले. मोठ्या साहेबाला नाही म्हणणारा माणूस! मुलीच्या बापाच्या तोंडातून मुलाच्या मामासमोर ‘नाही’ हा शब्द निघत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. आणि पाहुण्यांसमोर माझ्या तोंडातूनही तो अजून का निघाला नव्हता, तेही कळलं.

मादीनं एकदा बगल दिली. आबांनी होडी तिच्या मागे घेतली. तिनं पिल्लाला दुसऱ्या बाजूला घेतलं. मागे खडप होतं, पाण्यातला कातळ, पाणी उथळ होत चाललं होतं, तिला तिकडे जायला वाट नव्हती. ती फिरली, आमच्याकडे तोंड करून डोकं वर काढलं. तोंड हसरं होतं. जबड्याची दोन्ही टोकं वर, अगदी गोड.

“हसतेय बघा आपल्याकडे बघून!” मालतीबाई म्हणाल्या.

मग तिनं शेपटी आपटली. हातोडा मारावा तशी. पाण्याचा फवारा आम्हा सगळ्यांच्या अंगावर आला. परत आपटली.

“टाळ्या वाजवतेय!” मामा ओरडले. “स्वागत करतेय आपलं! व्याही, अजून थोडं पुढे!”

मी आबांकडे वळून म्हटलं, “आबा, शेपटी बघा.”

“बघतंय गो,” आबा पुटपुटले. त्यांची नजर मामांवर होती आणि हात इंजिनावर. त्यांना सगळं दिसत होतं. पण होडी पुढेच चालली होती.

मी उठले. साडीचा घोळ कमरेला खोचला, फळी ओलांडली, जयवंतच्या पाठीवरून पाय टाकला (त्यानं खाली बघतच “सॉरी” म्हटलं) आणि आबांच्या हातातून सुकाणू काढून घेतलं. आबांनी ते लगेच सोडलं, कुणीतरी ओझं उतरवून घ्यायची वाट बघत असल्यासारखं. मी होडी गर्रकन फिरवली, खडपाकडची वाट मोकळी केली, आणि लांब, बरंच लांब जाऊन इंजिन बंद केलं. मागे वळून बघितलं तर मादी आणि पिल्लू खोल पाण्याकडे निघाली होती. शेपटी पाण्यातून शांत चालली होती.

आता ओरडा बसेल, मला वाटलं. आत्यानं आणलेलं स्थळ आत्ता बुडेल. मी जरा आशेनंच मालतीबाईंकडे बघितलं.

“काय तडफ आहे हो मुलीत!” मालतीबाई गहिवरून म्हणाल्या. “आणि एवढं करून चेहऱ्यावर राग म्हणून नाही. हसत हसत होडी वळवली. दादा, माझं ठरलं.” आणि त्यांनी पिशवीत हात घातला. “एवढ्या मंगल जिवांच्या साक्षीनं इथेच ओटी भरते. पदर पुढे कर गं बाळ.”

मी आबांकडे बघितलं. आबा पाण्याकडे बघत होते.

“मला हे लग्न नको आहे,” मी म्हटलं. अगदी स्वच्छ म्हटलं, समोर बघून.

मालतीबाई लाडिक हसल्या. “प्रत्येक मुलगी असंच म्हणते. मीसुद्धा म्हटलं होतं.”

“नाही, मला खरंच नको.”

“तोंड बघा लबाडीचं!” मामा म्हणाले.

काय करणार? बोलून झालं होतं, दोनदा. आणखी मोठ्यानं बोलले असते तर खळ्या आणखी खोल पडल्या असत्या. त्यांनी माझ्या पदरात तांदूळ टाकले, खण ठेवला, आणि वर नारळ ठेवला. ओटी भरली गेली, म्हणजे शब्द दिला गेला. आता बंदरावर उतरले की आई साखर वाटायला सुरुवात करणार. तेवढाच, बंदरापर्यंतचाच काय तो वेळ माझ्याकडे होता.

मी नारळ पदरातून उचलला, दोन्ही हातांत धरला, कपाळाला लावला.

“पहिला मान दर्याचा,” मी म्हटलं, आणि वाकून तो पाण्यात सोडला.

आबांनी क्षणात टोपी काढली आणि हात जोडले. विचार करून नव्हे. दर्यात नारळ पडला की आमच्याकडे प्रत्येकाचे हात आपोआप जुळतात, झोपेतसुद्धा जुळतील. मामांनी हात जोडले. मालतीबाईंचं तोंड उघडं राहिलं होतं, पण तशाच उघड्या तोंडानं त्यांनीही जोडले. गाबिताच्याच त्या, शहरात गेल्या म्हणून काय झालं! दर्याला दिलेला नारळ परत मागायचा नाही, हे त्यांना मला शिकवायला नको होतं आणि मला त्यांना. पदरात नुसते तांदूळ आणि खण राहिला. नारळाशिवाय कसली ओटी!

नारळ पाण्यावर हेलकावत राहिला. आम्ही सगळे त्याच्याकडे बघत होतो. तेवढ्यात, इंजिन बंद असल्यामुळे असेल, कुणी मागे लागत नसल्यामुळे असेल, एक म्हातारा गादा आपल्या आपण होडीजवळ आला. पाठीवरच्या पंखाचा तुकडा तुटलेला. त्यानं नारळाला नाक लावलं. एकदा ढुशी दिली. जरा बाजूला होऊन विचार केल्यासारखं केलं. मग परत येऊन ढकलायला लागला.

“आणतोय! किनाऱ्याला आणतोय बघा!” मामांचा आवाज चिरकला. “मी म्हटलं नव्हतं?”

गाद्यानं नारळ ढकलत ढकलत आमच्या होडीला वळसा घातला, आणि उघड्या समुद्राकडे घेऊन गेला. लांब. दिसेनासा होईपर्यंत. मामांनी वर केलेलं बोट हळूच खाली घेतलं.

त्यानं ते माझ्यासाठी केलं असं मी म्हणणार नाही. त्याला खेळायला गोल वस्तू मिळाली, तो खेळला. पण कुठल्याही माणसानं तोवर माझी एवढी सोय बघितली नव्हती.

“दर्याला मान दिला तिनं,” मालतीबाई अखेर म्हणाल्या. “भावनेच्या भरात. उतरल्यावर दुसरा नारळ घेऊ. हसतेच आहे की ती.”

“आई,” खालून आवाज आला. “ती नाही म्हणतेय.”

जयवंत. त्याचं डोकं अजून गुडघ्यांत होतं, हातात चोथा झालेलं लिंबू.

“तुला काय कळतंय? तू तिच्याकडे बघितलंस तरी का सकाळपासून?”

“नाही,” तो म्हणाला. “पण ऐकलं. ती दोनदा नाही म्हणाली. आता तिसऱ्यांदा कशाला म्हणायला लावतेस?”

त्या होडीत माझं तोंड न बघितलेला तो एकटाच होता, म्हणून एकट्याला ऐकू आलं. पुढे बरीच वर्षं मला वाटायचं, त्याला एकदा तरी मान वर करायला सांगायला हवं होतं. पण वर केली असती, तर तोही इतरांसारखाच झाला असता.

आबा माझ्याजवळ आले. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. मग, आयुष्यात पहिल्यांदा, नजर खाली नेली. माझे हात सुकाणूवर होते. त्यांनी डावा हात उचलून उलटा केला. तळव्यात नखांच्या चंद्रकोरी उमटल्या होत्या, काही ताज्या, लाल. काही जुन्या, बऱ्या होत आलेल्या. आत्यानं स्थळाचं नाव काढलं तेव्हापासूनच्या.

आबा त्या तळव्याकडे बघत राहिले. पाण्यात शेपटी बघतात तसे.

“नको म्हणता ती,” आबा पाहुण्यांकडे वळून म्हणाले. शब्द निघाला. “आमका नको. फुडे बोलूचा नाय.”

बंदरावर उतरताना मालतीबाईंनी माझ्या पदरातला खण परत घेतला. तांदूळ मात्र मला ठेवू दिले, तेवढ्या त्या उदार होत्या. आत्या सहा महिने आमच्याकडे फिरकली नाही. ते सहा महिने आमच्या घरात फार आनंदाचे गेले.

आबांनी मला कधी काही विचारलं नाही, माफीबिफी तर नाहीच. ती आमच्याकडे रीत नाही. फक्त त्यानंतर काहीही ठरवायचं असलं, होडीला नवं इंजिन घ्यायचं असो की घराला कौलं घालायची असोत, की ते म्हणायचे, “हात हयसर कर.” मी हात पुढे करायची. ते तळवा उलटून बघायचे. मग बोलायचे.

पुढे तीन वर्षांनी इंजिनं दुरुस्त करणारा एक जण आमच्या होडीवर कामाला आला. त्यानं दोन महिने इंजिन बिघडवत बिघडवत दुरुस्त केलं आणि मग एके दिवशी मलाच विचारलं, मला, तोंडाकडे बघत आणि तरी घाबरत, “होय की नाही, ते बोलून सांग. तुझ्या तोंडावरून मला काही कळत नाही.” मी बोलून सांगितलं.

आमच्या लग्नात मात्र माझं काय झालं कुणास ठाऊक, अंतरपाट सरकला आणि मी रडायला लागले. हुंदके देऊन, नाक लाल करून, ओठांची दोन्ही टोकं खाली ओढून. खळ्या गायब. अख्ख्या मंडपानं माझं असं तोंड कधी बघितलं नव्हतं. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. आत्या तर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “पोरीच्या मनात नाय हो! जबरदस्ती केली तिच्यावर! सारंगांचा स्थळ काय वाईट होता?” भटजीसुद्धा मंत्र सोडून माझ्याकडे बघायला लागले. नवरा घाबरून पांढरा पडला.

आबांच्या दोन्ही डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू उतरला होता. गर्दीतून चाचपडत ते माझ्यापर्यंत आले. तोंडाकडे बघायचा त्यांनी प्रयत्नसुद्धा केला नाही. माझे दोन्ही हात त्यांनी हातांत घेतले, उलटे केले, आणि अंगठ्यानं तळव्यांवरून हळूच फिरवून बघितलं. तळवे मऊ होते. मेंदीचा वास येत होता. एकही खूण नव्हती.

“गप रवा सगळे,” आबा मंडपाला म्हणाले. “खूश असा ती.”